वीतभर कोरी जागा

हिंगोली जिल्ह्यात कुणाची शिडाची नाव आहे असं सांगितलं, तर बाहेरगावचा माणूस आधी सांगणाऱ्याच्या तोंडाचा वास घेतो. त्याचंही चुकत नाही. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या मुलखात शीड कुठून येणार? पण जामदरीला ती होती, एकतीस वर्षं होती, आणि ती संपतरावांची होती.

धरण झालं तेव्हा पाण्यानं गावची मधली जमीन गिळली. संपतरावांचं चार एकर रान पलीकडच्या काठाला राहिलं आणि घर अलीकडे. सडकेनं फेरा घातला तर बावीस किलोमीटर, आणि पाण्यावरून बघितलं तर पलीकडे चरणारी शेळी काळी की पांढरी हे ओळखू येईल एवढंच अंतर. शेरडं-मेंढरं पाळणारं घर. चारा पलीकडे आणि दावण अलीकडे असं किती दिवस चालणार? शेवटी त्यांनी रामजी भोयाला गाठलं. रामजीनं सागाच्या फळ्यांची नाव बांधून दिली. शीड मात्र बनाबाईचं. पूर्वी मेंढरांमागं रानोमाळ फिरताना ठोकायचं ते जाडं पाल तिनं उसवलं, दुहेरी केलं आणि दाभणानं शिवून दिलं. लोक हसले. पण दुपारचा वारा सुटला की संपतराव वल्हं आडवं टाकून विडी ओढत पलीकडे पोचायचे, तेव्हा हसणारेच काठावरून हात करायचे, "संपतदा, आमाला बी घ्या."

रामजी भोई नाव देऊन गेला आणि तिच्याबरोबर नियमही देऊन गेला. दरसाल वैशाखात नाव काठावर ओढायची, बाभळीच्या ओंडक्यांवर पालथी घालायची. तळ खरवडायचा, वाळवायचा, फटी बुजवायच्या आणि वरून डांबर लावायचं. डांबर घरच्या कर्त्या पुरुषानं लावायचं. लावून झालं की हळदकुंकू, नारळ, आणि नाव सुलटी. एकदा नारळ फुटला की पुढच्या वैशाखापर्यंत नाव पालथी करायची नाही, कारण पालथी नाव म्हणजे पालथं घर. रामजी मरून पंधरा वर्षं झाली, पण त्याचा नियम मोडायची जामदरीत कुणाची छाती नव्हती.

कर्त्या पुरुषानं लावायचं म्हणजे कुंचा तेवढा पुरुषाच्या हातात. बाकी शेवाळ आणि जुनं डांबर खुरप्यानं खरवडणार कोण? बनाबाई. जुन्या लुगड्याच्या चिंध्यांची वात वळून, राळेत आणि जवसाच्या तेलात भिजवून फटीत ठोकणार कोण? बनाबाई. केकताडाचा कुंचा बांधणार, तीन दगडांवर डांबर पातळ करणार, धुरानं डोळे चोळणार, तीही बनाबाईच. आणि संध्याकाळी पारावर म्हणायचं, "संपतरावांनी तळ लावला." बनाबाईला याचं काही वाटत नव्हतं असं नाही. ती पारावरून जाताना मोठ्यानं म्हणायची, "व्हय, त्यायनंच लावला. मी आपली सावलीत बसून वारा घालत व्हते." बाई तोंडाची फटकळ. नाकावर माशी बसू द्यायची नाही. गावात तिच्याशी बोलताना माणसं शब्द निवडून घ्यायची.

एका माणसापुढे मात्र ही बाई मेणाची व्हायची. संपतरावांचं उणं तिनं कधी उघडं पडू दिलं नाही. पेरताना तास वाकडं गेलं की ती म्हणायची, बैल बुजला. लग्नाच्या पंगतीत ते कुणावर विनाकारण भडकले की ती म्हणायची, यायच्या पोटात दुपारपासून अन्न न्हाई. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा तिचा संसाराचा कायदा होता, आणि चाळीस वर्षं त्या कायद्यानं संसार चालला होता.

गेल्या दोन वर्षांत ही मूठ झाकणं अवघड होत चाललं होतं. संपतरावांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आले. ते खांबाला बांधलेल्या गोऱ्ह्याला "राम राम" घालू लागले. मग बनाबाई त्यांच्यासोबत चालताना हळूच सांगायची, "डाव्या अंगाला शिवहार बसलाय." "पुढं नाली हाय." ती ओठ न हलवता बोलायला शिकली. लोकांना वाटायचं, म्हातारपणी जोडपं गुलूगुलू बोलतंय. तालुक्याला डोळ्यांचं शिबिर झालं तेव्हा ती मागे लागली, तर ते म्हणाले, "ऑपरेशनानंतर महिनाभर धूर नको, धूळ नको, ऊन नको. मग नावेचा तळ कोन लावील? तुझा बाप?"

"माझा बाप मरून वीस वर्सं झाली," ती म्हणाली, आणि विषय तिथेच संपला.

यंदाच्या वैशाखात नाव काठावर ओढली ती शिवहारच्या ट्रॅक्टरनं. शिवहार म्हणजे संपतरावांच्या थोरल्या भावाचा मुलगा. पोरगं वाईट नाही, पण मनात आलं की लगेच बोलून मोकळं होणारं. आठ दिवस बनाबाईनं तळ खरवडला. आठ दिवस उन्हानं लाकूड वाळलं. रोज दुपारी ती बोटाच्या पेरानं फळी वाजवून बघायची. हळद वाळली की नाही हे जसं कांडी मोडून बघतात, तसं लाकडाचं आवाजावर. नवव्या दिवशी फळी टणटण बोलली आणि तिनं डांबराखाली जाळ घातला.

शिवहार आला, सोबत गावातली पाच-सहा माणसं. त्यानं सरळच विषय काढला. "काका, यंदा कुंचा माझ्याजवळ द्या. तुमाला दिसत न्हाई."

"कोनाला दिसत न्हाई?"

"सगळ्या गावाला ठाऊक हाय, काका. लाजायचं काहून?"

संपतरावांनी धोतर खोचलं, कुंचा बुडवला आणि नावेच्या नाळीपासून, पुढच्या टोकापासून, सुरुवात केली. डांबर गरम असतानाच पसरावं लागतं; थांबलं की ते थिजतं. पण ते थांबले नाहीत. डावा हात फळीवर फिरवत पुढे, त्यामागून उजव्या हातातला कुंचा. एकतीस वर्षांची सवय होती, हात चुकत नव्हता. बनाबाई डबा घेऊन मागोमाग सरकत होती आणि तिला त्यांचा अभिमान वाटत होता, लग्नाच्या वर्षी वाटला नसेल एवढा.

दोन घटकांत तळ काळाभोर झाला. संपतराव कंबर धरून उभे राहिले. घामानं चेहरा निथळत होता, पण असे प्रसन्न ते दोन वर्षांत दिसले नव्हते. शिवहारनं नावेला एक चक्कर मारली. "काका, मानलं," तो म्हणाला. "तरी बी काकूला एकदा बघू द्या. तिची नजर घारीची हाय."

आणि संपतरावांनी, ज्यांनी चाळीस वर्षांत बायकोला स्वतःच्या कामाबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता, सगळ्यांसमोर मान वळवून विचारलं, "बना, बघ गं. कुठं राह्यलं का?"

ती हळदकुंकवाचं ताट घेऊन नावेच्या मागच्या अंगाला वाकलीच होती. तिथं तळ वळून खाली जातो, ओंडक्याची सावली पडते. पाण्यात राहून तिथलं लाकूड आधीच काळं पडलेलं. उभ्या माणसाला ते डांबरासारखंच दिसावं. पण ती वाकलेली होती. तिला दिसलं. दोन फळ्यांच्या सांध्यावर वीतभर जागा कोरी होती. तिनंच ठोकलेली चिंधीची वात उघडी, वर डांबराचा थेंब नाही.

डांबर अजून गरम होतं. कुंचा संपतरावांच्या हातात होता. "इथं जरासं राह्यलं" एवढे तीन शब्द, आणि पळभराचं काम.

तिनं वर बघितलं. शिवहार उत्तराची वाट बघत होता. त्याच्या शेजारी दोन जण आधीच गालात हसायच्या तयारीत होते, किंवा तिला तसं वाटलं. आणि संपतराव, न दिसणारे डोळे तिच्या दिशेला लावून, शाळेतल्या पोरानं पाटी दाखवावी तसे उभे होते.

"न्हाई," बनाबाई म्हणाली. "बराबर झालंय."

नारळ फुटला. सहा जणांनी हात लावून नाव सुलटी केली. शिवहारनं चहा मागवला आणि काकांचा हात धरून म्हणाला, "चुकलो काका." बनाबाईनं चहा घेतला नाही, डांबराच्या वासानं मळमळतंय म्हणाली.

पुढचे चार दिवस नाव ओंडक्यांवर सुलटी उभी होती. त्या चार दिवसांत बनाबाईनं तिच्याभोवती किती चकरा मारल्या ते तिलाच माहीत. एकदा कुणी नाही असं बघून ती पालथी पडली आणि डांबराची चिंधी घेऊन खाली हात घातला. हात कोपरापर्यंत गेला, पुढे जाईना. जागा ओंडक्याच्या पलीकडे होती. नाव पालथी करायला सांगावं, तर नारळ फुटलेला. आणि सांगायचं तरी काय? का पालथी करायची? मग तिनं मनाची समजूत घातली. थोडं पाणी तर दरसाल येतं, त्यासाठी डबा नावेतच असतो. पाण्यात गेल्यावर चार दिवसांत लाकूड फुगतं, फट आपोआप मिटते. वीतभर जागेनं काय होतंय? माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याच्याइतका हुशार कुणी नसतो.

पाचव्या दिवशी सकाळी नाव पाण्यात गेली. सात शेळ्या, दोन पिल्लं आणि ही दोघं. वारा बरा होता, शीड चढवलं. अर्ध्या वाटेपर्यंत सगळं ठीक. मग बनाबाईच्या पायाला गार लागलं. तिनं खाली बघितलं तर चिंधीची वात, तिच्याच हिरव्या लुगड्याची, पाण्यावर तरंगत होती.

ती डब्यानं पाणी उपसू लागली. "किती आलंय?" संपतरावांनी विचारलं. "थोडं हाय," ती म्हणाली. ही जित्याची खोड. पाणी घोट्यावर आलं तेव्हा शेळ्या बुजल्या आणि सगळ्या एका अंगाला झाल्या. वाऱ्यानं शीड तिकडेच दाबलं. नाव कलली आणि भरली.

वैशाखाचं पाणी, फार खोल नव्हतं. पण डोक्यावर होतं. बनाबाईनं नावेची कड धरली. संपतरावांना पोहता येत होतं, दिसत मात्र नव्हतं. ते गोल गोल फिरत हाका मारत होते, "बना! कुठं हायस? बना!" ती हातभर अंतरावर होती. नाकातोंडात पाणी गेल्यानं तिला ओ देता येत नव्हती. थर्माकोलच्या तराफ्यावरून मासे धरणारा दीपक जवळच होता, म्हणून दोघं वाचली. तीन शेळ्या आणि एक पिल्लू गेलं. मोरी नावाची गाभण शेळी त्यात होती.

दुसऱ्या दिवशी शिवहारनं बुडालेल्या नावेला दोर लावून ट्रॅक्टरनं ओढली. काठावर सगळा दगडगोटा. तळ त्यावरून घासत आला, डांबराची सालटं निघाली, आता कुठं लावलं होतं आणि कुठं नव्हतं हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. माणसं जमली. जो तो शहाणा. कुणी म्हणालं वारा, कुणी म्हणालं शेळ्या. शिवहार मात्र एक शब्द बोलला नाही. त्यानं खाली मान घातलेली बनाबाईनं बघितली, आणि तो बोलला असता तर बरं, असं तिला वाटलं.

संपतरावांचा निवाडा त्याच दिवशी झाला होता. "तळ मी लावला," ते येईल त्याला सांगायचे, "आन् बनानं बघितला. राह्यलं असतं तर तिनं सांगितलं असतं. तिच्या नजरंतून सुटत न्हाई काही. म्हंजे दोष लाकडाचा. आतून सडलंय." सांगताना त्यांच्या आवाजात दुःख असायचं, पण थोडी ऐटही असायची. बनाबाई तेवढ्यात उठून गोठ्यात जायची. शेळ्यांना कितीदा पाणी पाजावं त्याला काही सुमार! त्या महिन्यात तिच्या शेळ्या सारख्या पाणीच पीत होत्या.

शिवहार एकदा म्हणाला, "काका, नाव मला द्या, मी दुरुस्त करून घेतो." संपतराव म्हणाले, "सडकी नाव देऊन तुझ्या लेकराबाळांचा जीव घेऊ का? तोडतो मी. चुलीला व्हईल." आणि तोडायचा दिवसही त्यांनी ठरवून टाकला.

त्या सकाळी ते कुऱ्हाडीला धार लावत बसले होते. बनाबाई समोर जाऊन बसली. चाळीस वर्षांत झाकलेली मूठ उघडायची सवय नव्हती.

"अवं, नाव तोडू नगा. लाकूड बरं हाय."

"कशावरून?"

"मागच्या अंगाला तुमच्याकून जागा राह्यली व्हती. वीतभर. मी बघितली व्हती."

संपतरावांचा हात थांबला. मग ते हसले. प्रेमानं हसले, हेच वाईट झालं. "बना, तू मला वळखतीस, तसं मी तुला न्हाई वळखत का? मी डोळ्यानं आंधळा, आन् तासं वाकडी गेली तर बैल बुजला म्हननारी तू. आता नावेसाठी माझा जीव तुटून राह्यलाय, ते तुला बघवंना. म्हनून स्वतःवर घेऊन राह्यलीस. उगं खोटं बोलू नको."

"देवाशपथ खरं बोलून राह्यले."

"शपथा बी तू खोट्या घेतेस. माझ्यासाठी." असं म्हणून त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, उठले आणि कुऱ्हाड घेऊन काठाकडे निघाले. ती मागोमाग. वाटेत नाली होती. तिनं सवयीनं सांगितली.

पहिल्या चार घावांत नावेची कड फुटली. मग तळाची फळी. संपतराव आवाजावर घाव घालत होते. सहाव्या घावाला फळी उभी चिरली आणि सागाचा वास सुटला. नवीन घराचं दार बसवताना येतो तो वास. संपतराव थांबले. कुऱ्हाड बाजूला ठेवली आणि चिरलेल्या फळीच्या पोटात हात घातला. अंगठ्यानं दाबून बघितलं. नख रोवून बघितलं. ढलपी काढून नाकाशी नेली. लाकूड कोरडं होतं, घट्ट होतं. अजून तीस वर्षं गेलं असतं.

बनाबाई दोन पावलांवर उभी होती. आता ते ओरडतील, असं तिला वाटलं. ओरडले असते तर तिनं ऐकून घेतलं असतं, पाय धरले असते, रडली असती. पण त्यांना ओरडायची ताकदच राहिली नव्हती बहुतेक. फुटलेल्या नावेच्या कडेवर ते बसले. किती तरी वेळ ती ढलपी बोटांत फिरवत राहिले.

"म्हंजे खरं सांगत व्हतीस," ते म्हणाले.

"व्हय."

"आन् त्या दिशी मी इचारलं व्हतं ना गं तुला?"

तिला सांगायचं होतं की माणसं होती, शिवहार होता, तुम्ही किती खुशीत होता. हे सगळं खरं होतं, आणि त्यातलं काहीही आता सांगण्यासारखं नव्हतं. "इचारलं व्हतं," ती एवढंच म्हणाली.

उरलेली नाव त्यांनी तोडली नाही. तशी ती उपयोगाचीही राहिली नव्हती. पलीकडचं रान त्यांनी शिवहारला बटईनं लावून दिलं आणि उरलेल्या शेळ्या अलीकडच्याच बांधांवर फिरू लागल्या.

संपतराव तिला काही बोलले नाहीत. त्या दिवशी नाही, त्यानंतरही नाही. वेळेवर जेवतात, तब्येत विचारतात, तिला ताप आला तेव्हा उशाशी बसून राहिले. बाहेरून बघणाऱ्याला काही फरक दिसायचा नाही. परवा नामदेव महाराजांच्या दर्शनाला नरसीला निघायचं होतं. त्यांनी पांढरा सदरा घातला, टोपी घातली. बनाबाई दारातच उभी होती, हात लांबवला तर लागतील इतकी जवळ. ते तिच्या अंगावरून ओसरीच्या टोकाला गेले आणि कुडापलीकडे शेजारच्या पोरीला हाक मारली, "कोमल, ए पोरी, जरा इकडं ये अन् बघ गं, सदऱ्याला कुठं डाग राह्यलाय का?"